ऑफिसचं ईमेल आर्काइव्ह सॉफ्टवेअर, वर्ष होत आलं वापरून: डॅशबोर्डवरच्या हिरव्या टिकवर जाऊ नका

जुने मेल एका जागी साठवून नंतर शोधून देणारं हे सॉफ्टवेअर. नाव लिहीत नाहीये, एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) बोलणं अजून चालू आहे, आणि तसंही जे लिहितोय ते या प्रकारच्या बऱ्याच सॉफ्टवेअरला लागू पडेल. आमचं ऑफिस नाशिकला अंबड एमआयडीसीत, पंपांचे कंट्रोल पॅनेल बनवतो, कस्टमर म्हणजे बहुतेक नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा, त्यामुळे कोणी कधी काय कळवलं होतं ते चार वर्षांनीसुद्धा काढून दाखवावं लागतं. शिवाय कंपनी कायद्यात हिशोबाची पुस्तकं व्हाउचरसकट ८ वर्षं ठेवायची, आणि आजकाल अर्धी बिलं नि ऑर्डरी मेलवरच येतात.

आधी सगळं पीएसटीवर, म्हणजे आउटलुक ज्या फाइलीत मेल साठवतं तिच्यावर, चालायचं. ज्याने त्याने आपली फाइल बनवायची, मोठी झाली की सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये टाकायची आणि तिथूनच आउटलुकला जोडायची, जे करू नका असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. काही फाइली तर आउटलुक २००३ च्या आधीच्या फॉरमॅटमधल्या, त्यांना २ जीबीची मर्यादा, ती गाठली की स्कॅनपीएसटी (फाइल दुरुस्त करायचं टूल) चालवत बसा. म्हणून हे घेतलं.

विक्रेत्याने बसवताना अॅड-इनवालं सेटिंग करून दिलं. म्हणजे प्रत्येक पीसीवर आउटलुकमध्ये एक अॅड-इन (आउटलुकला जोडलेला छोटा प्रोग्रॅम), ते ९० दिवसांपेक्षा जुने मेल उचलून आर्काइव्हमध्ये टाकणार आणि इनबॉक्समध्ये मेलच्या जागी नुसता शॉर्टकट ठेवणार. मेलबॉक्स हलके झाले, आउटलुक पळायला लागलं, सगळे खूश. मग परचेसच्या मॅडम म्हणाल्या, अहो, माझा सप्लायरचा मेल उघडतोय पण आत काहीच नाही, वर दोन ओळी नि खाली कोरं. शॉर्टकट होता, मोबाइलवर उघडत होत्या, मोबाइलला अॅड-इन कुठून येणार! सपोर्टला फोन केला तर ठरलेलं उत्तर, सर, एकदा रिस्टार्ट करून बघा. मोबाइल की सर्व्हर, ते नाही सांगितलं.

हे तरी डोळ्याला दिसणारं होतं. खरी गंमत वेगळीच निघाली. आउटलुक २०१३ पासून उघडायला वेळ लावणारी अॅड-इन स्वतःहून बंद करून टाकतं, एक पिवळी पट्टी येते, लोक ती न वाचता क्रॉस करतात. डिझाइनवाल्यांचे पीसी जुने, तिथे हे अॅड-इन एकेक करून बंद पडत गेलं आणि डॅशबोर्डवर मात्र रोज हिरवी टिक, शंभर टक्के. कारण हे महाशय फक्त ज्या पीसीने रिपोर्ट पाठवला त्यांचेच टक्के काढतात! जो पीसी बोललाच नाही तो हिशोबातच नाही. एक पीसी फॉरमॅट करायला घेतला तेव्हा कळलं की त्यावरून कित्येक महिने काही गेलंच नव्हतं. उपाय सोपा आहे, ग्रुप पॉलिसीत (सगळ्या पीसींचं सेटिंग सर्व्हरवरून लावतात तिथे) ते अॅड-इन कायम चालू राहणाऱ्यांच्या यादीत घालायचं म्हणजे आउटलुक हात लावत नाही. पण माझं मत विचाराल तर ऑफिससाठी अॅड-इनचा प्रकारच नको.

आम्ही जर्नलिंगवर गेलो, म्हणजे मेलची कॉपी पीसीवरून नाही, सर्व्हरवरच काढायची. आमचा मेल सर्व्हर आमचाच आहे, मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज २०१९, त्यात मेलबॉक्सांच्या डेटाबेसला जर्नल मेलबॉक्स लावता येतो. आल्या-गेलेल्या प्रत्येक मेलची एक कॉपी तिथे पडते, बीसीसीत कोण होतं तेसुद्धा त्यात राहतं, आणि कोणी इनबॉक्समधून डिलीट केला तरी कॉपी राहतेच. आर्काइव्ह फक्त तो एक मेलबॉक्स वाचतं. शॉर्टकट बनवणं पूर्ण बंद केलं. विक्रेत्याला हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर आमचा बराच ताप वाचला असता.

त्यावरही एकदा बंद पडलंच. सर्व्हिस अकाउंटचा, म्हणजे आर्काइव्ह ज्या लॉगिनने मेलबॉक्स वाचतं त्याचा, पासवर्ड एक्स्पायर झाला (डोमेनची, म्हणजे ऑफिसच्या विंडोज नेटवर्कची, डीफॉल्ट पॉलिसी ४२ दिवसांची, विक्रेत्याने ती तशीच धरून साधं अकाउंट बनवलेलं), सर्व्हिस विंडोजमध्ये रनिंग दाखवतेय, डॅशबोर्ड हिरवा, आणि लॉग फाइल उघडली तर दर पाच मिनिटांनी लॉगिन फेल. मेल जर्नल मेलबॉक्समध्ये साठून होते म्हणून हरवलं काही नाही. त्याआधी सर्च मध्येच अर्धवट रिझल्ट द्यायचा, ते अँटीव्हायरस इंडेक्सच्या (सर्चसाठी बनवलेल्या शब्दसूचीच्या) फाइली लॉक करत होता म्हणून, ते फोल्डर स्कॅनमधून वगळून इंडेक्स नव्याने बांधल्यावर थांबलं.

मराठी सर्चबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर. युनिकोडमधला (आजकाल मराठी टाइप होतं त्या स्टँडर्डमधला) मेल सापडतो, पण सरकारी पत्रं अजून श्रीलिपीत (जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप करून वर्ड फाइल जोडलेली येतात, त्यात "निविदा" शोधून जन्मात सापडणार नाही कारण फाइलीच्या आत मराठी अक्षरं नसतातच, नुसती इंग्रजी कोडं असतात, फाँट लावला की मराठी दिसतं एवढंच. एखाद्या जुन्या फाइलीतून तो शब्द कॉपी करून ती अगम्य अक्षरंच सर्चमध्ये टाकली तर कधी कधी लागतं. स्कॅन केलेल्या पीडीएफला ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर) लागतं, ते यांच्याकडे वेगळ्या पैशात आहे नि मराठीचं आम्हाला तरी धड चाललं नाही. आणि अजून एक, "कर्मचाऱ्यांची" हा शब्द युनिकोडमध्येच दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला बहुतेक सारखाच, पण या सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटतात. आमच्या क्लार्कने यावर तोडगा काढलाय, शब्द शोधायचाच नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारखेची रेंज टाकायची. भरवशाचं तेवढंच आहे.

आता दर सोमवारी मी एक्स्चेंजच्या मेसेज ट्रॅकिंग लॉगमधून (कोणता मेल कुठे गेला त्याची नोंद) जर्नल मेलबॉक्सला आठवड्यात किती मेल डिलिव्हर झाले ते काढतो आणि आर्काइव्हमधल्या आकड्याशी लावून बघतो, बँक रिकन्सिलिएशन करतो तसंच. लॉग डीफॉल्टने ३० दिवसच राहतो, तेव्हा महिन्यावर ढकलू नका. फरक आला की कोणत्या दिवसापासून आला ते कळतं, मग त्या दिवसाचा लॉग उघडायचा. डॅशबोर्ड बघणं मी सोडून दिलंय.

मार्क द्यायचे तर ५ पैकी ३. स्पीड चांगला, जागा कमी खातं, एकच अटॅचमेंट दहा जणांना गेली तरी एकदाच साठवतं. घेणार असाल तर डेमोच्या वेळीच हजारभर मेल ईएमएल (एका मेलची एक फाइल) फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करून दाखवायला सांगा आणि त्यातले चार-पाच साध्या आउटलुकमध्ये उघडून बघा. आमच्याकडे एक्सपोर्ट एका वेळी ५०० मेलचाच होतो, सगळं बाहेर काढायचं तर "प्रोफेशनल सर्व्हिस" म्हणून वेगळं कोटेशन आहे, आणि एएमसीचं बोलणं सध्या त्याच मुद्द्यावर अडलंय.