अलार्मवाला गोळ्यांचा डबा: आजीला पाच स्टार, काकांना दोन

हर्णैला आमच्या घरी दोघंजण विसरतात म्हणून हा डबा ऑनलाईन मागवला. सकाळ-दुपार-रात्र कप्पे, वेळ झाली की वाजतो नि लाल लाईट लागते. जाहिरातीत नुसतं "विसरभोळ्यांसाठी" लिहिलंय, पण विसरणं काय एकाच प्रकारचं असतं होय?

आजीचं वयाचं आहे. वय वाढलं की हिप्पोकॅम्पस (मेंदूतला नवीन आठवणी पक्क्या करणारा भाग) आणि मेंदूचा कपाळामागचा भाग हळूहळू आकसतो, त्यामुळे नवीन गोष्ट पक्की व्हायला नि पटकन आठवायला त्रास होतो, पण कुठल्या सणाला काय रांधायचं, कोणाची सोयरीक कुठे झाली ते सगळं शाबूत. तिला फक्त आठवण करून द्यावी लागते. डबा वाजला की "अगो बाय, बीपीची गोळी!" झालं काम.

काका तांडेल (मासेमारी बोटीचे प्रमुख) होते, बाईकवरून पडून डोक्याला मार लागला. अशा अपघातात मेंदू कवटीवर आदळतो, कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग जास्त दुखावतो, मग नवीन गोष्टीची नोंदच नीट होत नाही. अलार्म ऐकून काका उठतात, बंद करतात आणि कशाला उठलो तेच विसरतात. एकदा तर दुपारची नि रात्रीची गोळी एकदम घेतली! डब्याला लॉक नाही, हे सरळसरळ डेंजर आहे.

पण हेच काका जाळं शिवायला बसले की हात बघत राहावे. हाताच्या सवयीची स्मृती वेगळीकडे असते. १९५३ ला अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या माणसाचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला होता फिट्ससाठी, नवीन काही लक्षात राहीना, तरी आरशात बघून चांदणी गिरवायला शिकला, फक्त शिकल्याचं आठवायचं नाही.

म्हणून थेरपिस्टने सांगितलं तसं डबा कायम जाळ्याच्या बाजूला, रोज त्याच जागी, आणि "कुठला कप्पा सांगा बघू" अशी परीक्षा घ्यायची नाही कारण चुकीचा अंदाजच डोक्यात बसतो, आपणच हात धरून बरोबर कप्प्यावर न्यायचा. आता हात आपसूक जातो, वर म्हणतात "हा डबा नवीन आणलास काय?" 😄 तरी गोळी देताना कोणीतरी जवळ असतंच.

बाकी खाऱ्या हवेत सेलच्या पट्ट्या गंजतात, आणि पावसात पत्र्याखाली अलार्म ऐकूच येत नाही. वयाच्या विसराला बिनधास्त घ्या, डोक्याला मार लागलेल्यासाठी लॉकवालाच बघा, महाग पडला तरी.