न्यू हेवनचं बायनेकी ग्रंथालय: जाण्याआधी हे वाचा

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचं बायनेकी हे दुर्मिळ पुस्तकांचं आणि हस्तलिखितांचं ग्रंथालय अनेकांनी फोटोत पाहिलेलं असतं. बाहेरून खिडकी नसलेला दगडी ठोकळा, आत सहा मजली काचेचा मनोरा आणि त्यात सुमारे १,८०,००० पुस्तकं. गॉर्डन बनशाफ्टने आखलेली ही इमारत १९६३ साली उघडली. भिंतीतला संगमरवर जेमतेम सव्वा इंच जाडीचा, त्यामुळे ऊन त्यातून गाळून मधाच्या रंगाचं होऊन आत येतं. दालन बघायला तिकीट नाही, आणि युरोपातल्या छपाईच्या सुरुवातीचं गुटेनबर्ग बायबल तिथेच काचेखाली मांडलेलं आहे. पण या जागेचं खरं मोल कळतं ते खाली, वाचन कक्षात.

इथे बसायला येलचं असावं लागत नाही. आधी ऑनलाइन खातं काढायचं आणि हवं ते साहित्य मागवून ठेवायचं. कपाटं वाचकांना खुली नाहीत. बरंचसं साहित्य दुसऱ्या इमारतीतून येतं, म्हणून चार-सहा दिवस हाताशी ठेवा. लँग्स्टन ह्यूजसारख्या लेखकाची कागदपत्रं मागवताना नुसतं नाव देऊन भागत नाही. कुठल्या खोक्यात काय आहे हे सांगणाऱ्या संग्रहसूचीतून खोक्याचा क्रमांक शोधून तो द्यावा लागतो. सूची आधी नीट वाचली नाही, तर भलताच खोका समोर येतो आणि दिवस वाया जातो.

पिशवी, पेन, पाणी सगळं लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल, लॅपटॉप आणि फ्लॅश बंद केलेला कॅमेरा. पुस्तक फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर ठेवतात, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर ताण येत नाही. पानं उघडी राहायला कापडात शिवलेली वजनाची लड मिळते. हातमोजे हवेत हा मोठा गैरसमज आहे. हात धुऊन कोरडे केलेले पुरतात, कारण मोज्यांत बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. फोटो हाताळतानाच मोजे घाला.

सर्वांत जास्त चुका खोक्यापाशी होतात. एका वेळी एकच फोल्डर काढा आणि त्याच्या जागी खुणेचं कार्ड ठेवा. पानांचा क्रम उलटसुलट वाटला तरी तो लावायला जाऊ नका, कारण कुठल्या पत्रामागे कुठला मसुदा होता हाही पुरावा असतो. प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या लेबलचा घ्या. नाहीतर घरी शेकडो फोटो असतात आणि एकाचाही संदर्भ देता येत नाही.

जतनाच्या कामात तर बायनेकीने वाटच घालून दिली. १९७७ साली इथे पुस्तकं पोखरणारे किडे सापडले, तेव्हा विषारी धुरी देण्याऐवजी पुस्तकं गोठवण्यात आली. आजही नवी आलेली पुस्तकं पिशवीत बंद करून उणे ३६ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवतात. थंडी झपाट्याने द्यावी लागते. हळूहळू दिली तर किडे तिला सरावतात आणि वाचतात. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच राहू द्यायची. हवेतलं बाष्प मग पिशवीवर जमतं, कागदावर नाही.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा अशी विनवणी असते, ती वाचन कक्षाच्या शिस्तीशी जुळते. गोठवण्याचा उपाय घरी करायचा तर साध्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, वाळवी-कसर लागलेलं पुस्तक दोन आठवडे तरी ठेवावं लागतं. बुरशी मात्र त्याने मरत नाही, फक्त थांबते. दमट कपाटात पुस्तक परत गेलं की ती पुन्हा वाढू लागते. काचेवरचे फोटो आणि लाखेच्या मोहरा असलेले कागद चुकूनही गोठवू नका.

प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर ऑनलाइन प्रतिमा उत्तम आहेत. अनोळखी लिपीतलं, आजवर कुणालाही न उलगडलेलं व्हॉयनिच हस्तलिखितही पानन् पान पाहता येतं. मजकुरासाठी तेवढं पुरेसं आहे. कागदातला जलचिन्हाचा ठसा, शिवणीचा दोरा, खोडलेल्या शब्दावर पेनाचा पडलेला दाब यांच्यासाठी मात्र न्यू हेवन गाठावंच लागतं.