तिकिटावर फ्रँकफर्ट, विमान 120 किलोमीटर लांबून! 764 युरो घालवून बसलोय

महिना होत आला तरी संताप जात नाही. लाज त्याहून जास्त वाटते. 31 वर्षं बँकेत काढली, समोरच्याला "सही करण्याआधी वाचा" असं रोज बजावत आलो.

लेक पोर्तुगालमध्ये पोर्टोला शिकते. आम्हा दोघांची तिकिटं पुण्यातल्या एका एजंटाकडून काढली. मुंबई ते फ्रँकफर्ट, पुढे फ्रँकफर्ट ते पोर्टो. 1,46,500 रुपये, वर "एअरपोर्ट ट्रान्सफर"चे 11,800 रोख. मध्ये 3 तास 35 मिनिटं.

लेकीनेच विचारलं होतं, "बाबा, विमानतळाचा कोड उतरताना एफआरए आणि निघताना एचएचएन असं का?" मी एजंटाला व्हॉट्सॅप केला. उत्तर आलं, "काका, मुंबईत टी-1, टी-2 आहे ना, तसंच. शटल असते." तिथेच थांबायला हवं होतं! टर्मिनलची शटल असेल तर 11,800 कशाचे? समोर बसून नोटा मोजताना एवढं विचारायला जीभ उचलली नाही. पण विमानतळाच्या नावातच फ्रँकफर्ट असल्यावर शंका तरी कोणाला येणार?

सकाळी 8:05 ला उतरलो. बॅगा मिळेपर्यंत सव्वानऊ. व्हाउचरवरचा नंबर बंद. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, एचएचएन म्हणजे फ्रँकफर्ट-हान विमानतळ, तो इथे नाही, 120 किलोमीटरवर आहे, बसला पावणेदोन तास लागतात. हुन्सर्युकच्या डोंगराळ भागातला अमेरिकन सैन्याचा जुना हवाई तळ, राज्यसुद्धा दुसरं! पुण्याच्या नावाचं तिकीट विकून साताऱ्याहून विमान पकडायला लावायचं, असा हा प्रकार. 240 युरो देऊन टॅक्सी केली. 11:10 ला पोचलो, काउंटर 11 ला बंद झालेलं. नवी तिकिटं 428 युरो, रात्रीचं हॉटेल 96.

दोन पीएनआर वेगळे असले की पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी कोणतीच कंपनी घेत नाही. एकच पीएनआर मागा. आणि कोड नकाशावर टाकून अंतर स्वतः मोजा, एजंटाला विचारू नका.

परत आल्यावर पोलीस चौकीत गेलो. "तिकीट खरं होतं ना? विमान उडालं ना? मग फसवणूक कुठली?" दुसऱ्या खेपेला साहेब नव्हते. तिसऱ्या खेपेला सायबरकडे पाठवलं. तिथे म्हणे, पैसे रोख दिलेत, आमच्याकडे येत नाही. मग एकाने सांगितलं, जर्मनीत घडलंय, तिकडेच तक्रार करा. पैसे पुण्यात घेतले, खोटं पुण्यात बोलला आणि तक्रार जर्मनीत? बायको सगळा वेळ बाहेर बाकावर बसून होती. तिला आत येऊन बसा म्हणायचं सौजन्यही कोणी दाखवलं नाही.

ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. हे चौकीत किंवा सायबरकडे एकानेही सांगितलं नाही, माझं मला शोधावं लागलं. रोख देऊ नका, दिलेत तर पावती सोडू नका. माझ्या 11,800 ची कुठेच नोंद नाही. "शटल असते" हा मेसेज तेवढा आहे, त्याचा प्रिंट तक्रारीला जोडलाय.