किडनीभोवतीच्या चरबीचा आगाऊ अंदाज देणारा ‘मॅप स्कोअर’ : वापरणाऱ्याचा अभिप्राय

किडनीतील गाठ तेवढी काढून उरलेली किडनी वाचवायची असेल, तर गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी किडनीभोवतीची चरबी सोडवावी लागते. बहुतेक रुग्णांत ती उपकरणाच्या हलक्या रेट्यानेही सुटी होते. काहींच्या बाबतीत मात्र ती किडनीच्या पातळ आवरणाला इतकी घट्ट चिकटलेली असते, की सोलताना आवरणच फाटते, उघड्या पडलेल्या पृष्ठभागातून रक्त झिरपू लागते आणि गाठीची कड नेमकी कोठे आहे हे दिसेनासे होते.

मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये मांडलेला मॅप स्कोअर ही अडचण शस्त्रक्रियेपूर्वीच्या सीटी स्कॅनवरून ओळखू पाहतो. त्यासाठी वेगळी तपासणी किंवा वेगळा खर्च लागत नाही. किडनीची शीर जेथे बाहेर पडते त्या पातळीवर किडनीमागील चरबीची जाडी मोजायची : १ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ०, २ सेंटिमीटरच्या आत असल्यास १ आणि त्याहून जास्त असल्यास २ गुण. मग चरबीचा पोत पाहायचा. निरोगी चरबी स्कॅनवर एकसारखी काळपट दिसते. तीत पांढुरक्या रेषा असल्यास २, जाड व दाट पट्टे असल्यास ३ गुण. मूळ अभ्यासातील १०० रोबोटिक शस्त्रक्रियांत शून्य गुणांच्या रुग्णांपैकी ६ टक्क्यांत चरबी चिकटलेली आढळली, तर पाच गुणांच्या सर्वच रुग्णांत.

पाचपैकी तीन गुण पोताला दिले आहेत, हे मला या साधनाचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते. केवळ वजनावरून बांधलेला अंदाज फसतो. अंगाने बेताचा, पण पोटात चरबी साठलेला उतारवयाचा पुरुष अनेकदा स्थूल स्त्रीपेक्षा कठीण ठरतो. गुण जास्त आले की मी त्या दिवशीच्या यादीत दुसरी मोठी शस्त्रक्रिया ठेवत नाही, गाठीची कड शोधण्यासाठी शस्त्रक्रियेदरम्यानची सोनोग्राफी तयार ठेवतो आणि वेळ व रक्तस्राव वाढू शकतो, क्वचित संपूर्ण किडनी काढावी लागू शकते, हे नातेवाइकांना आधीच समजावून सांगतो. गाठ कापताना रक्तप्रवाह थांबवण्यासाठी धमनीला लावायचा क्लॅम्प (चिमटा) सहसा चरबी सोडवल्यानंतरच लावला जातो, त्यामुळे सोलण्यात गेलेला वेळ किडनीचा रक्तपुरवठा बंद राहण्याच्या हिशेबात येत नाही. हा मुद्दा ऐकल्यावर घरच्यांना बराच धीर येतो.

उणीव पोताच्या वाचनातच आहे. रेषा बारीक की दाट, यावर दोन अनुभवी डॉक्टरांचेही एकमत होईलच असे नाही. शिवाय गाठ किती खोल आहे, किती मोठी आहे, याविषयी हा स्कोअर काहीच सांगत नाही. त्यासाठी गाठीचा आकार, खोली आणि जागा यांना गुण देणारा ‘रीनल’ स्कोअर सोबत हवाच. माझ्याकडे येणाऱ्या सीटी अहवालांत गाठीचे वर्णन तपशीलवार असते, पण भोवतीच्या चरबीविषयी बहुधा एक ओळही नसते. रेडिओलॉजिस्ट मंडळींनी जाडी आणि पोत यांची नोंद अहवालातच करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तोवर शल्यचिकित्सकाने फिल्म स्वतः पाहूनच गुण द्यावेत.