चाळीवर मॉस्किटो: नऊ महिने वापरल्यानंतर

एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा कांदाचाळीत भरला तेव्हाच हवा मोजणारा पहिला सेन्सर टांगला. त्याचे आकडे मॉस्किटो या प्रोग्रॅममार्फत माझ्या मोबाईलवर येतात. आता डिसेंबर लागलाय. चाळी रिकाम्या होऊन महिना झाला, पण सगळी यंत्रणा विहिरीवर, हौदावर आणि घरात चालूच आहे. सुरुवात करताना मी बरंच वाचलं होतं, पण बहुतेक लिखाण पहिल्या आठवड्यातल्या आनंदाचं होतं. मला पावसाळा काढलेल्या माणसाचा अनुभव हवा होता. तो मिळाला नाही, म्हणून माझा लिहितोय.

आमची वस्ती निफाड तालुक्यात, मळ्यातच. घरात एक रास्पबेरी पाय ४ (छोटासा संगणक, पुढे नुसता 'पाय' म्हणेन), त्यावर मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन पुढे पोचवणारा मधला दुवा. दोन चाळींत ईएसपी८२६६चा एकेक बोर्ड (वाय-फाय असलेलं छोटं सर्किट) आणि तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर. विहिरीवर तसाच ईएसपी३२ बोर्ड, तो रिलेमार्फत (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारं बटण) मोटरच्या स्टार्टरला जोडलाय (ही जोडणी वायरमनकडूनच करून घेतली, थ्री फेजच्या पेटीत स्वतः हात घालू नका). साध्या चाळीत २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता कांद्याला मानवते. दमटपणा वाढला की कांदा सडतो, फार कोरडं झालं की वजन घटतं. बोर्ड दर पाच मिनिटांनी आकडे पाठवतो, म्हणजे एका चाळीतून दिवसाला २८८ वेळा.

हे निरोप एमक्यूटीटी या पद्धतीने जातात, मॉस्किटो तीच बोलतो. एमक्यूटीटी मुळात अशाच जागांसाठी जन्माला आलं. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे आर्लेन निपर यांनी ते आडरानातल्या तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवण्यासाठी तयार केलं. तिथे संपर्क उपग्रहावरून, महागडा आणि अधूनमधून तुटणारा. म्हणून निरोपाचं वेष्टन जितकं लहान करता येईल तितकं केलं. कायमचा मथळा अवघ्या दोन बाइटपासून सुरू होतो. पाठवणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखत नाहीत, दोघंही फक्त ब्रोकरला ओळखतात. पाठवणारा एखाद्या टॉपिकवर (निरोपाच्या विषयाचं नाव) निरोप टाकतो आणि ज्यांनी तो टॉपिक मागून ठेवलाय त्यांना ब्रोकर तो पोचवतो. आमच्याकडचं मोबाईल नेटवर्क बघता हे गणित मला लगेच पटलं. ब्रोकर स्वतःचा ठेवायचं कारण वेगळं. गुगलने असे निरोप इंटरनेटवर सांभाळणारी आपली आयओटी कोअर सेवा १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केली. शेतातली यंत्रणा दहा वर्षं चालवायची तर मधला दुवा आपल्या घरात असलेला बरा.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पहिल्या दिवशी बोर्डाला हातच लावू नये. पायवर दोन टर्मिनल उघडा. एकात मॉस्किटो-सब लावून ऐकत बसा, दुसऱ्यातून मॉस्किटो-पबने निरोप पाठवा. हे तासभर केलं की पुढच्या निम्म्या अडचणी अडचणी वाटत नाहीत.

पहिली अडचण मात्र हमखास येणार. पायवर सगळं चालतं आणि बोर्डावरून जोडणी होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून मॉस्किटो कॉन्फिगरेशनशिवाय फक्त त्याच मशीनवरच्या जोडण्या घेतो. त्याआधीचे लेख वाचून काम करणारा इथे अडकतोच. मी एक संध्याकाळ वाय-फायला दोष देण्यात घालवली, लॉगमध्ये पहिल्याच ओळींत कारण लिहिलेलं होतं. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये १८८३ पोर्टचा लिसनर (बाहेरच्या जोडण्या कुठे घ्यायच्या ते सांगणारी ओळ) लिहायचा आणि पासवर्डची फाइल द्यायची. अनोळखी जोडणीला सरसकट परवानगी देण्याचा सल्लाही सापडेल, पण मोटर जोडायची असेल तर तो ऐकू नका. पासवर्डची फाइल बनवणाऱ्या आज्ञेत "-सी" हा पर्याय फक्त पहिल्या वेळी द्यायचा. दुसऱ्या बोर्डाचं नाव घालताना मी तो पुन्हा दिला आणि नवीन फाइल तयार होऊन पहिल्या बोर्डाचं नाव गेलं.

टॉपिक मी मराठीत ठेवले. शेत/चाळ१/आर्द्रता, शेत/चाळ२/तापमान, शेत/विहीर/मोटर/स्थिती. एमक्यूटीटीचे टॉपिक यूटीएफ-८ मध्ये असल्याने देवनागरी बिनतक्रार चालते. घरातल्या कोणालाही पडद्यावरचं वाचून कळतं, याचं मोल फार आहे. शेत/+/आर्द्रता असं मागितलं की दोन्ही चाळींची आर्द्रता येते, शेत/# मागितलं की झाडून सगळं. पण दोन गोष्टी सांभाळा. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. बोर्डाला एमक्यूटीटी बोलायला लावणाऱ्या पबसबक्लायंट या तयार लायब्ररीत निरोपाची मर्यादा मुळात २५६ बाइट आहे, टॉपिकसह. मी सगळे आकडे मराठी नावांसकट एकाच निरोपात भरले आणि तो जाईनाच, चूकही दिसेना. पाठवण्याचं फंक्शन फक्त "नाही" असं उत्तर परत देतं आणि ते मी तपासत नव्हतो. बफर, म्हणजे ही मर्यादा, वाढवला, काम झालं.

दुसरी गोष्ट शोधायला दोन दिवस लागले. वाऱ्याच्या वेगासाठी "वाऱ्याचा-वेग" असा टॉपिक केला. तो मोबाईलवरून मागितला की काहीच येईना, संगणकावरून मागितला की येई. दोन्हीकडे अक्षरं डोळ्यांना सारखीच दिसत होती. पण "ऱ्य" लिहायचे एकापेक्षा जास्त मार्ग आहेत, दोन कीबोर्ड दोन प्रकारे लिहीत होते आणि ब्रोकर अक्षरांचं रूप बघत नाही, बाइट बघतो. तेव्हापासून टॉपिकमध्ये "ऱ्या"चे शब्द टाळतो. तिथे आता नुसतं "हवा" लिहिलंय.

आता मुख्य विषय, रिटेन. निरोप पाठवताना रिटेनची खूण लावली की ब्रोकर त्या टॉपिकचा शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि नवीन ऐकणारा आला की लगेच त्याच्या हातात देतो. अ‍ॅप उघडल्याबरोबर आकडे दिसतात, पाच मिनिटं थांबावं लागत नाही. मला हे इतकं आवडलं की मी सगळीकडे रिटेन लावलं.

जुलैत सोयाबीनच्या खुरपणीची गडबड होती. मी सकाळ-संध्याकाळ अ‍ॅप बघायचो. चाळ २ ची आर्द्रता ६४. छान वाटायचं. पाचव्या दिवशी आप्पा चाळीजवळून जाऊन आले आणि म्हणाले, "अरे, पल्याडच्या चाळीचा वास मारतोय. तुझं यंत्र काय म्हणतंय?" यंत्र ६४च म्हणत होतं. जाऊन बघतो तर बोर्डाचा अ‍ॅडॉप्टर बंद पडलेला, पश्चिमेचा कागद वाऱ्याने फाटलेला आणि कडेचा कप्पा झडीने भिजलेला. त्या कप्प्यातला निम्म्याहून अधिक कांदा टाकावा लागला. ६४ हा आकडा पाच दिवसांपूर्वीचा होता. अ‍ॅप उघडलं की तो त्या क्षणी ब्रोकरकडून येई, म्हणून शेजारची वेळही आत्ताचीच दिसे. कागद फाटला त्या रात्रीच ते कळायला हवं होतं. ती रुखरुख अजून आहे.

यावर उपाय एमक्यूटीटीतच होता, मी पहिल्या दिवशी तो वाचून पुढे गेलो होतो. त्याचं नाव लास्ट विल. जोडणी करतानाच बोर्ड ब्रोकरकडे एक निरोप ठेवून देतो, आपला संपर्क अचानक तुटला तर हा सगळ्यांना सांग म्हणून. बोर्डाने किती वेळात हाक द्यायची ती ठरवलेली मुदत म्हणजे किप-अलाइव्ह. तिच्या दीडपट वेळात काहीच ऐकू आलं नाही की ब्रोकर तो निरोप सोडतो. मी ६० सेकंद ठेवलेत, म्हणजे ९० सेकंदांत कळतं. आता प्रत्येक बोर्डाचा एक "हजेरी" टॉपिक आहे. जोडणी झाली की बोर्ड तिथे "हजर" लिहितो, गेला की ब्रोकर "गैरहजर" लिहितो, दोन्ही रिटेनसह. गैरहजर आलं की माझा आणि आप्पांचा फोन वाजतो. पण एवढंही पुरत नाही. एकदा बोर्ड ठणठणीत होता आणि सेन्सरच मेला होता, तेव्हा हजेरी हजरच दाखवत राहिली. म्हणून आता प्रत्येक आकड्यासोबत मोजल्याची वेळही जाते, आणि वीस मिनिटांपेक्षा जुना आकडा पडद्यावर लाल होतो.

ऑक्टोबरात रिटेननेच पुन्हा घात केला. फोनवरून मोटरची चाचणी घेताना "चालू" ही आज्ञा रिटेनसह गेली. मी मोटर हाताने बंद केली आणि विसरलो. तीन दिवसांनी रात्री लाईट गेली, आली, विहिरीवरचा बोर्ड नव्याने जोडला गेला आणि ब्रोकरने जपून ठेवलेली आज्ञा त्याला दिली. हौद रात्रभर भरून वाहिला, खालच्या वाफ्यात नुकतं टाकलेलं रोपाचं बी वाहून गेलं. आता आज्ञा आणि स्थिती हे वेगळे टॉपिक आहेत. स्थिती रिटेन असते, आज्ञा कधीच नसते. आज्ञेतही वेळ असते आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी आज्ञा बोर्ड मानत नाही. लाईट आल्यावर मोटर बंदच राहते. चुकून जपलेला निरोप पुसायचा असेल तर त्याच टॉपिकवर रिकामा निरोप रिटेनसह पाठवायचा, एवढंच.

बाकीचं थोडक्यात. एका बोर्डाचा प्रोग्रॅम दुसऱ्यात जसाच्या तसा भरू नका. क्लायंट आयडी (ब्रोकरकडे बोर्डाची ओळख) सारखा असला की ब्रोकर आधीच्याला काढून नव्याला घेतो, मग आधीचा परत येतो आणि दोघं दिवसभर एकमेकांना बाहेर काढत राहतात. लाईटीच्या जाण्या-येण्याने ऑगस्टमध्ये पायचं मेमरी कार्ड खराब झालं, आता एसएसडी आणि छोटा यूपीएस आहे. मोबाईल इंटरनेटवर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यामुळे बाहेरून घरच्या ब्रोकरपर्यंत पोचता येत नाही. मॉस्किटोतला ब्रिज तो प्रश्न सोडवतो: घरचा ब्रोकरच बाहेर भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवरच्या ब्रोकरला ८८८३ पोर्टवरून, कुलूपबंद मार्गाने जोडला जातो. नेट गेलं तर तेवढ्या वेळातले आकडे बाहेर पोचत नाहीत, कारण पबसबक्लायंट पोच न मागता, म्हणजे क्यूओएस ० नेच निरोप पाठवतो. घरच्या पायवर नोंद राहते, माझं काम त्यावर भागतं.

मॉस्किटो हा प्रोग्रॅम म्हणून नऊ महिन्यांत स्वतःहून एकदाही बंद पडला नाही. पायवर तो आहे हे जाणवतही नाही. माझी तक्रार कागदपत्रांबद्दल आहे. सेटिंग कोणतं काय करतं हे तिथे नीट लिहिलंय, पण मोटरला रिटेन लावू नका असं ठळक अक्षरांत कुठेच भेटत नाही. पहिल्या पानावर ते असायला हवं.

पुढच्या हंगामाआधी चाळींतले दोन्ही बोर्ड बदलून ईएसपी३२ बसवणार आहे आणि एमक्यूटीटी ५ बोलणारी लायब्ररी घालणार आहे. २०१९ च्या या आवृत्तीत निरोपाला मुदत देता येते. मुदत संपली की ब्रोकर तो निरोप स्वतःच टाकून देतो. मुदत वीस मिनिटांची ठेवेन. ६४ च्या जागी पडदा रिकामा दिसला की मी पायात चपला घालून चाळीकडे निघेन.