वॉशिंग मशीनमध्ये अडकलेली नाणी काढण्यासाठी घेतलेला लवचीक चिमटा

समोरून दार उघडणाऱ्या आमच्या वॉशिंग मशीनमध्ये ड्रम सावकाश फिरत असताना टिणटिण आणि कपडे पिळले जात असताना अखंड खरखर ऐकू येऊ लागली, तेव्हा कुणाच्या तरी खिशातली सुटी नाणी आत गेली आहेत हे लगेच कळले. ती नेमकी कुठे जाऊन बसली आहेत हे शोधण्यात मात्र दोन संध्याकाळी गेल्या. याच कामासाठी मी एक लवचीक चिमटा मागवला. साधारण 60 सेंटिमीटर लांबीची स्प्रिंगची नळी, मागच्या टोकाला दट्ट्या, तो दाबला की पुढच्या टोकातून बाहेर येऊन उघडणारी तारेची चार नखे, त्यांच्या मधोमध छोटे लोहचुंबक आणि बाजूला बारीक दिवा, अशी त्याची रचना आहे. वेष्टनावरचे वर्णन वाचले तर हा चिमटा कुठूनही काहीही काढून आणेल असे वाटते. तसे घडत नाही; पण तो टाकाऊही नाही, आणि तो कुठे उपयोगी पडतो हे सांगण्यासाठी नाणे यंत्रात कोणत्या वाटेने शिरते हे आधी सांगावे लागेल.

कपडे ज्यात फिरतात तो भोकाभोकांचा पोलादी ड्रम आणि त्याच्या बाहेरची, पाणी धरून ठेवणारी प्लॅस्टिकची टाकी हे दोन वेगळे भाग असतात. ड्रमच्या भोकांतून नाणे सहसा जात नाही. ते जाते दाराभोवतीचे रबर आणि ड्रमची पुढची कड यांच्यामधल्या फटीतून, आणि तिथून टाकीच्या तळाशी घसरते. नशीब चांगले असेल तर ते पाण्याबरोबर तळाच्या रबरी नळीतून पंपाच्या फिल्टरपर्यंत वाहत येते, नाहीतर त्या नळीच्या वळ्यांत किंवा पाणी तापवणाऱ्या हीटरखाली अडून राहते. रिकामा ड्रम हाताने फिरवल्यावर आवाज आला तर नाणे ड्रम आणि टाकी यांच्यामध्ये आहे असे समजावे; फक्त पाणी उपसले जात असताना खडखड होत असेल तर ते पंपापाशी पोहोचलेले असते. दुसऱ्या प्रकारात पंपाचा पंखा अडकून पाणी बाहेर जाणेच थांबू शकते. पहिला प्रकार अधिक धोक्याचा, कारण मिनिटाला 1000 किंवा त्याहून अधिक फेरे घेणाऱ्या ड्रमखाली नाणे पाचरीसारखे बसले तर टाकी तडकू शकते.

फिल्टरसाठी या चिमट्याची काहीच गरज पडली नाही. प्लग काढून, नळ बंद करून, खाली पसरट भांडे ठेवून पुढच्या खालच्या कोपऱ्यातले झाकण उघडले, आतले पाणी थोडेथोडे सोडले आणि फिल्टर डावीकडे फिरवून बाहेर काढला, तेव्हा दोन नाणी, एक केसांची पिन आणि बराच गाळ बोटांनीच निघाला. (गरम पाण्याच्या धुलाईनंतर लगेच हे करू नये, हात भाजतो.) इतके करूनही ड्रम फिरवल्यावर टिणटिण येतच होती.

मग मी दाराकडून प्रयत्न केला, आणि या उत्पादनाबद्दलची माझी मुख्य तक्रार इथलीच आहे. रबर मागे ओढून फटीतून चिमटा आत सोडता येतो, परंतु ड्रमच्या कडेवरून खाली वळून टाकीच्या तळाशी जाण्यासाठी त्याचे टोक बाहेरून वळवण्याची सोय हवी होती, आणि ती यात नाही. नळी जिथे वाकायला नको तिथे वाकते आणि जिथे वाकायला हवी तिथे सरळ राहते. शिवाय नखांची टोके धारदार आहेत; ती रबरात अडकून बारीकशी चीर जरी पडली तरी पुढे दारातून पाणी गळू लागेल, हे लक्षात आल्यावर मी तो प्रयत्न सोडून दिला. दाराकडून नाणे काढण्यासाठी हा चिमटा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिमट्याचा खरा उपयोग झाला तो हीटरच्या जागेतून. आमच्या यंत्रात हीटर मागच्या बाजूला, टाकीच्या तळालगत आहे. काहींत तो पुढे असतो. प्लग काढलेलाच होता आणि पाणीही सगळे उपसलेले होते. मागचा पत्रा उघडून तारांच्या जोडणीचे छायाचित्र घेतले, तारा सोडवल्या, हीटरच्या मधोमध असलेला नट शेवटच्या आट्यांपर्यंत सैल केला, नट ज्यावर बसतो तो दांडा हलकेच आत ठोकला आणि हीटर रबरी पट्टीसह डोलवत बाहेर ओढला. मागे जी लांबट फट उरली तिच्यातून टाकीचा तळ दिसतो. चिमट्याचा दिवा इथे अपुरा पडला, कारण त्याचा उजेड समोरच्या ड्रमवरून उलटून डोळ्यांत येतो. वेगळी विजेरी बाजूने तिरपी धरली तेव्हा तीन नाणी दिसली.

लोहचुंबकाने त्यांतले एकच नाणे उचलले. पोलादाची किंवा पोलादी गाभ्याची बहुतेक नाणी चुंबकाला चिकटतात, तांबे-निकेलच्या किंवा पितळेच्या मिश्रधातूची चिकटत नाहीत, तेव्हा यात चिमट्याचा दोष नाही. त्रास वेगळाच झाला. आमचा ड्रमही चुंबकाला ओढणारा निघाला, त्यामुळे नाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच टोक वर ड्रमला जाऊन चिकटत असे. शेवटी प्लॅस्टिकच्या शीतपेयनळीचा तुकडा उभा चिरून टोकाभोवती गुंडाळला, चुंबकाचा फक्त पुढचा चेहरा उघडा ठेवला, आणि मग काम झाले. इतकी साधी टोपी उत्पादकाने सोबत द्यायला हरकत नव्हती.

उरलेल्या दोन नाण्यांसाठी नखे वापरली. नाणे उभे किंवा तिरके टेकलेले असेल तर नखे ते घट्ट धरतात. सपाट पडलेल्या नाण्यावरून मात्र ती नुसती घसरतात. एक नाणे टाकीच्या खाचेत तिरके होते, ते पहिल्याच पकडीत आले. दुसऱ्यासाठी वाकवलेल्या पातळ पट्टीने कड उचलून धरावी लागली, आणि एका हातात पट्टी, दुसऱ्यात चिमटा अशा अवस्थेत विजेरी धरायला घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवावे लागले. हीटर परत बसवताना त्याचे आतले टोक टाकीतल्या पकडपट्टीखाली गेले आहे याची खात्री करावी लागते, नाहीतर ते ड्रमला घासते. हा भाग मला नाणी काढण्यापेक्षा कठीण गेला. ज्यांना तारा आणि नट हाताळण्याची सवय नाही किंवा ज्यांचे यंत्र अजून हमीच्या मुदतीत आहे, त्यांनी चिमटा न घेता दुरुस्ती करणाऱ्या जाणकारालाच बोलवावे.

वरून उघडणाऱ्या यंत्रात नाणे अनेकदा तळाच्या फिरत्या चकतीखाली जाते. चकतीचा मधला स्क्रू काढून ती उचलली की नाणे हातानेच घेता येते, तेव्हा अशा यंत्रासाठीही ही खरेदी फारशी कामाची नाही.

पाचपैकी मी या चिमट्याला तीन गुण देतो. स्प्रिंगची नळी मजबूत आहे, दट्ट्या ओल्या हातानेही नीट दाबला जातो, आणि हीटरच्या फटीइतक्या अरुंद जागेत शिरेल असे दुसरे साधन माझ्याकडे नव्हते. एक गुण वळवता न येणाऱ्या टोकासाठी कापला आहे, आणि दुसरा नखांसाठी: शेवटचे नाणे ओढताना चारांपैकी एक नख वाकले, आणि आता दट्ट्या सोडल्यावर ते पूर्ण आत जात नाही.