आधी बेस की आधी रंग?

पटावरच्या युद्धखेळातला २८ मिमीचा छोटा सैनिक रंगवायला घेतला की पहिली अडचण रंगाची नसतेच, तो धरायचा कुठे ही असते. नुसत्या बोटांत धरलात तर खांद्यावरचा रंग संध्याकाळपर्यंत पुसला जातो. मग दोन वाटा उरतात: कायमच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, चिकटवून रंगवायचा, किंवा औषधाच्या रिकाम्या डबीवर तात्पुरता उभा करून रंगवायचा आणि बेस शेवटी लावायचा.

वीस-तीस सैनिकांची तुकडी असेल तर मी डोळे मिटून पहिली वाट धरतो. बेसवर फेविकॉल, त्यावर चाळलेली वाळू, वाळल्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचा आणखी एक हात, आणि मग सैनिक नि माती दोन्हींवर एकदमच प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. वाळू समुद्रावरची असेल तर आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, मीठ राहायला नको. मातीचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने घासलेला रंग) बुटांवर हमखास उडतो, म्हणून माती आधी उरकायची, बूट नंतर. एकच खोट: झग्याच्या आत, पायांच्या मध्ये ब्रश जात नाही. खेळाच्या पटावर तिथे कोण बघतंय म्हणा.

कपाटात ठेवायचा एखादाच सरदार असेल तर डबी बरी. पायात १ मिमीचं भोक पाडून पेपर क्लिपची तार बसवायची आणि ती डबीच्या झाकणात खोचायची. भिंतीवर पोस्टर लावायचा निळा चिकट गोळाही चालतो, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात तो मऊ पडतो आणि धातूचा जड सैनिक हळूहळू झुकत जातो. तार झुकत नाही, शिवाय शेवटी तीच बेसमध्ये जाते.

फसगत होते ती या शेवटच्या टप्प्यावर. रंगवून झालेल्या सैनिकाला फेविक्विक लावलंत तर त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरी झाक धरते. माझा एक काळ्या झग्याचा घोडेस्वार असाच पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायला लागला. तेव्हापासून शेवटचा जोड अ‍ॅरल्डाइटने. वेळ लागतो, पण झाक येत नाही. रंगाआधी मात्र फेविक्विकच सोयीचं: सुकलं की ठिसूळ असतं, त्यामुळे बेस बदलायचा झाला तर तासभर फ्रीजरमध्ये ठेवून पिळ दिला की बहुधा सुटतं. प्लास्टिक सिमेंट फक्त प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला. एमडीएफच्या चकतीवर किंवा धातूवर ते धरत नाही.

बेस म्हणून कॅरमची सोंगटी चालेल का, असं बरेच जण विचारतात. व्यास ३१ मिमीच्या आसपास, म्हणजे ३२ मिमीच्या बेसला जवळचा. पण जाडी ७ ते ९ मिमी, नेहमीच्या बेसच्या दुप्पट. तुकडीत एकटाच सैनिक पाटावर उभा राहिल्यासारखा दिसतो. सरदाराला तेच शोभतं.